भोकरदनची सहल आणि पाँपेईची बाहुली

यंदा इतिहास विभागाची सहल कोठे न्यावी यावर वर्गात बरीच खडाजंगी झाली. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद ही नावे नेहमीचीच. मागच्या बाकावरून कोणीतरी "सर, इटलीला न्या!" असे म्हणून हशा पिकविला. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "इटलीचा किनारा पाहायचा असेल तर आधी भोकरदनला चला. आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि वाट तिकडूनच जाते." सरांनी कोटी केली असे आम्हांला वाटले. ती कोटी नव्हती, हे सांगण्यासाठीच हा लेख.

तीर्थपुरीहून पहाटे निघालो. अंबड, जालना मागे टाकून राजूरला गणपतीचे दर्शन घेतले, तिथेच दशम्या आणि ठेचा सोडला आणि उन्हे चढायच्या आत भोकरदनला पोहोचलो. खरे सांगायचे तर प्रथम निराशाच झाली. एस. टी. स्टँड, बाजारपेठ, केळणा नदी आणि मातीची उंचसखल टेकाडे. "यात पाहायचे काय?" असे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेले. नदीकाठच्या लेण्यातील मूर्ती पाहून थोडे समाधान झाले. पण ते लेणे नंतरच्या काळातले. सरांना दाखवायचे होते ते टेकाड.

या गावाचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना ज्यांनी दान दिले, त्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नावे आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातली माणसे शेकडो कोस दूरच्या स्तूपाला दान देण्याइतकी सुखवस्तू होती. हा पैसा आला कोठून? याचे उत्तर शोधण्यासाठी १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी ते चालविले. सातवाहनांची नाणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, नाना प्रकारचे मणी आणि हस्तिदंती वस्तू हाती आल्या. त्यांत स्त्रीमूर्तीचा एक तुटका हस्तिदंती तुकडा होता. तो पाहिल्यावर अभ्यासकांना एकदम आठवण झाली ती इटलीतल्या पाँपेई शहराची.

पाँपेई हे नेपल्सच्या आखाताजवळचे, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यालगतचे रोमन शहर. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सारे गाव राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली एका घरात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती बाहुली सापडली. अंगावर भरपूर दागिने, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी, आणि घडण अस्सल भारतीय! उत्खनकांनी तिला लक्ष्मी म्हटले. आता बहुतेक विद्वान तिला यक्षी मानतात. तिच्या डोक्यातून खाली भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लाकडी सामानाचा पाय असावी असाही तर्क आहे. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या तुकड्याचे, तसेच धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीचे तिच्याशी चांगलेच साम्य आहे.

एवढ्या दूर ती गेली कशी? येथे सरांनी काठीने मातीवर नकाशा काढला. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे एक व्यापारी मार्गदर्शक आहे. त्यात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर असल्याचे नमूद आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड, बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जाई. भडोचहून निघणाऱ्या मालात हस्तिदंतही होता. जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर भारतात येत आणि हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर परत जात. तांबड्या समुद्रातील बंदरात माल उतरवीत, तेथून उंटांवर वाळवंट ओलांडून नाईल नदी, नदीतून अलेक्झांड्रिया, आणि मग भूमध्य समुद्र पार करून इटली. ज्या पावसाची आपले शेतकरी वाट पाहतात, तो आणणारे वारेच ही जहाजे इकडे आणीत, हे ऐकून आम्ही थक्क झालो.

बदल्यात इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, काच आणि भूमध्य समुद्रातली पोवळी येत. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तक्रार केली आहे की भारत दरसाल आमचे पाच कोटी सेस्टर्स (हे रोमन नाणे) ओढून नेतो. बिचारा प्लिनी त्याच व्हेसुव्हियसच्या स्फोटात मरण पावला!

आमच्यातला एक उत्साही मित्र लगेच म्हणाला, "म्हणजे पाँपेईची लक्ष्मी आपल्या भोकरदनचीच!" टाळ्याही पडल्या. सरांनी हात वर केला. त्या बाहुलीच्या तळाशी एक अक्षर खरोष्ठी लिपीत कोरलेले आहे, आणि ही लिपी वायव्येकडची. अफगाणिस्तानातील बेग्राम येथेही उत्तम हस्तिदंती काम सापडले आहे. विदिशेच्या दंतकारांनी सांचीच्या तोरणावर काम केल्याचा लेखही आहे. म्हणजे दावेदार अनेक. अक्षर व्यापाऱ्याने कोरले की कारागिराने, हेही सांगता येत नाही. साम्य दिसते, जन्मगाव सिद्ध होत नाही. मित्राचा चेहरा उतरला. मला मात्र सरांचे हे बोलणे सगळ्या सहलीत जास्त आवडले.

आता माझी कबुली. सर नकाशा काढीत असतानाच माझ्या खिशात एक मणी होता. पावसाने धुतलेल्या उतारावर चालताना तो लालसर दगडाचा, आरपार भोक पाडलेला मणी मी हळूच उचलला होता. आईला दाखवू, इतकाच विचार. पुढे सर मातीच्या थरांविषयी बोलू लागले. कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या नाण्याशेजारी मिळाली त्यावरून तिचा काळ ठरतो. शेतात, पांढरीत सापडलेले मणी आणि नाणी लोक घरी नेतात किंवा विकतात, आणि ती कायमची मुकी होतात. ते ऐकताना खिसा जड झाला.

परतीच्या वाटेवर, जालन्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा तो सरांपुढे ठेवला. ते रागावले नाहीत. पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयाकडे पाठवू म्हणाले आणि वहीचा कागद फाडून त्यावर तारीख लिहिली. मग विचारले, "नेमका कोठे सापडला? टेकाडाच्या कोणत्या अंगाला? वरच्या बाजूला की पायथ्याशी?"

मी बराच वेळ आठवून पाहिले. मग सरांनी कागदावर नुसते 'भोकरदन, उतारावर' असे लिहिले, पुढची जागा कोरी सोडली आणि मणी त्यात गुंडाळला.