थंड समुद्र आणि पुण्याचा उन्हाळा

पुण्याची हवा थंड आहे, हे पुणेकराने मुंबईकराला इतक्यांदा ऐकवलेले असते की पुढे त्याचाच त्यावर विश्वास बसतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, हे खरे. पण त्या भरवशावर घरात थंड सागरी मत्स्यटाकी ठेवता येत नाही: तिच्यातल्या जिवांना साधारण १० ते १८ अंशांचे पाणी बारा महिने चोवीस तास लागते, आणि इथला एप्रिल चाळिशी गाठतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा कॅटॅलिना गोबी हा केशरी अंगाचा, निळ्या पट्ट्यांचा इवला मासा तापमानाच्या अशाच चुकलेल्या हिशेबाचा जुना बळी. रंग प्रवाळातल्या माशांसारखा, म्हणून परदेशातल्या दुकानांतून तो उष्ण पाण्यातला म्हणून खपवला गेला. कोमट टाकीत तो लगेच मरत नाही. काही महिन्यांत संपतो, आणि मालकाला वाटते, त्याचे आयुष्यच तेवढे.

मग अलिबागहून कॅन भरून पाणी आणि सोबत चार मासे आणले तर? कोकणापुढचा अरबी समुद्र वर्षभर साधारण २५ ते ३० अंशांत असतो. तिथला मासा १५ अंशांच्या टाकीत गारठून जाईल. शिवाय किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ असतो, सांडपाणी असते आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. त्यापेक्षा घरी आरओचे पाणी घेऊन त्यात मत्स्यटाकीसाठी मिळणारे सागरी मीठ कालवणे बरे. प्रमाण लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला ७ किलो. स्वयंपाकघरातले मीठ मात्र चालत नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. समुद्रात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेटही असतात आणि शिंपल्यांचे कवच त्यातूनच घडते.

सगळ्यात चिवट गैरसमज गारव्याबद्दलचा आहे. ‘खोलीत एसी आहे की!’ एसी २४ अंशांवर असेल तर टाकीही तिथेच थांबणार. पंप आणि दिव्यांच्या उष्णतेने थोडी वरच. पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी काही अंशांनी उतरते, पण १५ पर्यंत नाही. बर्फाच्या बाटल्यांचा हिशेब तर आणखी निराशाजनक: एक किलो बर्फ वितळला की २०० लिटर पाणी जेमतेम अर्ध्या अंशाने गार होते. म्हणून चिलर हवाच. आणि चिलर काही थंडी निर्माण करत नाही, तो पाण्यातली उष्णता काढून बाहेर टाकतो. टाकीखालच्या बंद कपाटात कोंबला तर स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो, आणि मेच्या दुपारी बाल्कनीत ठेवला तरी धापाच टाकतो. वीज गेली तर काय, याचे उत्तर मासे आणण्याआधी हवे. पाणी तापते तसा त्यातला प्राणवायूही घटतो: १५ अंशांच्या समुद्रपाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ६.

काच ओली होण्याचा त्रास भर उन्हाळ्यात सर्वाधिक, असेही मानले जाते. उलट आहे. एप्रिलची हवा कोरडी असते. खरी पंचाईत जुलैत, जेव्हा दमट हवेतले बाष्प गार काचेवर सतत धरते आणि लाकडी स्टँड फुगतो. जाड अ‍ॅक्रिलिक यावर उपाय आहे, कारण ते काचेच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेते.

विजेआधी लोक हे कसे करत असतील? लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यालय उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत समुद्रफुलांची लाट आली. चिलर कुठेच नव्हता. तिथला किनारा थंड, घरेही थंड. जीव पलीकडच्या खडकावरचेच. म्हणजे घरगुती सागरी टाकी मुळात थंड पाण्याचीच होती. त्याच तर्काने मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला (१९५१) समोरचा कोमट समुद्र सोयीचा पडला. पुण्यात २६ अंशांची सागरी टाकी बहुतेक महिने थोड्या खटपटीत सांभाळता येते; १५ अंशांची म्हणजे घरात आणखी एक शीतपेटी चालवणे. हौस असेल त्याने जरूर चालवावी, पण वीजबिल बघून.

घाई मात्र कुणीच करू नये. गार पाण्यात घाण कमी होते म्हणून टाकी लवकर तयार होते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू गारव्यात मंदावतात. उष्ण टाकीला आठवडे लागतात तिथे थंड टाकीला महिने लागू शकतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासे सोडू नयेत.

राहिले मालवणहून शोभेला आणायचे प्रवाळ. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. अभयारण्याबाहेरही कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघाच्याच रांगेत. ते जिवंत वा मृत, कुणी फुकट दिले तरी घरात ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो.