तांबड्या बियरचा धसका

नळदुर्गसारख्या गावात क्राफ्ट बियर येते ती बहुधा पुण्याहून सुट्टीला आलेल्या पोरांच्या पिशवीतून. पुण्यात 2009 साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून हा प्रकार महाराष्ट्रात हळूहळू रुळला. हायवेवरच्या परमिट रूमपर्यंत मात्र अजून फारसा पोचलेला नाही. त्यामुळे ग्लासात विटकरी रंगाची रेड एल ओतली की कोणीतरी हमखास बोलतं, "दाजी, लई कडक दिसतीय ओ, जपून." दाजी तो ग्लास बाजूला सारतात, नेहमीची पिवळीधमक स्ट्राँग फोडतात आणि निर्धास्त होतात. पहिल्यांदा हे ऐकून हसू आलं होतं. आता चिडचिड होते.

रंगाचा आणि नशेचा संबंध नाही. रंग येतो माल्टमधून. जवाला मोड आणून, वाळवून, भाजून माल्ट करतात. रेड एलमध्ये खरपूस भाजलेलं क्रिस्टल माल्ट पडतं, कधी चिमूटभर काळंकुट्ट भाजलेलं जवही. अल्कोहोल तयार होतो तो यीस्टने साखर खाल्ल्यावर. किती, ते माल्टच्या मूळ रसात आंबण्याजोगी साखर किती होती यावर. भाकरी जास्त भाजली म्हणून तिच्यातलं पीठ वाढत नाही, तसंच हे. काळी गिनेस ड्राफ्ट 4.2 टक्क्यांची असते. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे 5 टक्क्यांच्या वरची बियर 'स्ट्राँग', आणि तिची मर्यादा 8 टक्के. म्हणजे दाजींना भरवशाची वाटणारी ती सोनेरी बाटलीच गिनेसच्या जवळजवळ दुप्पट असू शकते.

हिशेबच मांडू. 650 मिलीची 8 टक्के बाटली म्हणजे 52 मिली शुद्ध अल्कोहोल. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 60 मिलीचा लार्ज म्हणजे साधारण 26 मिली. एक स्ट्राँग बरोबर दोन लार्ज! "आपण दारू घेत नाही, फक्त बियर" म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा स्वतः करावी.

मग तांबडी बियर हलकीच असते का? तसंही नाही. बियरचं परीक्षण करणाऱ्यांची बीजेसीपी ही अमेरिकी संस्था आहे. तिच्या 2021च्या नियमावलीत आयरिश रेड एल 3.8 ते 5 टक्के आहे, तर हॉप्स या कडू फुलांचा मारा असलेली रेड आयपीए (इंडिया पेल एल) 5.5 ते 7.5. दोन्हींचे ग्लास शेजारी ठेवले तर रंगावरून ओळखता येतीलच असं नाही. आकडा लेबलवर छापलेला असतो. तो वाचायचा, विषय संपला.

याच संस्थेच्या गुणपत्रिकेत एकूण 50 गुण असतात. चवीला 20, वासाला 12. रंग, फेस, नितळपणा हे सगळं मिळून दिसण्याला 3. आमची मंडळी मात्र त्या तिनावरच निकाल देऊन मोकळी होतात.

चाखायचीच असेल तर बाटली तोंडाला न लावता ग्लासात ओतावी, वर दोन बोटं फेस येऊ द्यावा. फेस म्हणजे मापात मारलेली काटछाट, असं अनेकांना वाटतं. पण सुगंध वर येतो तो त्या फुटणाऱ्या बुडबुड्यांबरोबरच. आधी नाक. हॉप्स चांगले असतील तर संत्र्याची साल, चिडाचं लाकूड, एखादं पिकलं फळ असे वास येतात. खालून माल्टचा काकवीसारखा, खरपूस वास आला पाहिजे. मग घोट. सुरुवातीला टोस्टची गोडी, शेवटी कडवटपणा, आणि त्याने ती गोडी आवरलेली. कडवटपणा गिळल्यावर स्वच्छ उतरला तर उत्तम. जिभेला खरवडत राहिला तर गुण कापा. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिजन लागून बियर शिळी झालेली. लोण्याचा वास बहुधा आंबवणं अर्धवट राहिल्याची खूण.

"कडू आहे म्हणजे चढणार" हा त्याच धसक्याचा धाकटा भाऊ. कडवटपणा हॉप्समधल्या आम्लांचा. उकळताना त्यांची रचना बदलते आणि ती रसात विरघळतात. वासाची तेलं उकळीत उडून जातात, म्हणून सुगंधासाठी हॉप्स शेवटी किंवा थंड बियरमध्ये घालतात.

बर्फगार बियरच खरी? फार गारठ्यात वास दबतो, दोषही लपतात. रेड एलला 7 ते 10 अंश पुरे. नळदुर्गच्या मे महिन्यात त्यासाठी वाट पाहावी लागत नाही, फ्रीजबाहेर थोडा वेळ ठेवली तरी भागतं.

जुनी तितकी चांगली? हॉप्सच्या बियरला हे लागू नाही. सुगंध सगळ्यात आधी जातो, उन्हात तापलेल्या डिकीतून आली तर आणखी लवकर.

इंग्रजांच्या जहाजप्रवासात बियर टिकावी म्हणून आयपीएचा शोध लागला, हीही लाडकी गोष्ट. मार्टिन कॉर्नेल या बियरच्या इतिहासकाराने ती कागदपत्रांनिशी खोडून काढली: हॉप्सच्या फिकट बियर आधीपासून होत्या, आणि काळसर पोर्टर बियरही त्याच जहाजांतून हिंदुस्थानात धड पोचत होती.

आणि बियरने मुतखडा विरघळतो ही समजूत! बियरने लघवी जास्त होते, कारण अल्कोहोल शरीरातलं पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दाबतो. नेहमीचा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा त्याने विरघळत नाही. बियर पिणाऱ्यांत नवे खडे कमी होतात असं काही पाहणी-अभ्यासांत दिसलं आहे, पण आधीच झालेल्या खड्यावरचा तो उपचार नव्हे. पोटात कळ आली की सोनोग्राफी करावी, वाईन शॉप गाठू नये.