घर घेण्यापूर्वी सेप्टिक टँकची परीक्षा

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना तीसेक किलोमीटरवर बुटीबोरी लागते. औद्योगिक वसाहत वाढली तसे आसपासच्या शेतांत लेआऊट पडले आणि कारखान्यांत नोकरी करणारी कुटुंबे तेथे घरे घेऊ लागली. घर पाहायला गेलेला माणूस छताची गळती पाहतो, भिंतीची ओल पाहतो. संडासात बादलीभर पाणी ओतले आणि ते सरकन गेले की तेथील चौकशी संपते. ते पाणी पुढे कोठे गेले? जेथे भुयारी गटार नाही तेथे या प्रश्नाचे उत्तर अंगणातल्या फरशीखाली, सेप्टिक टँकमध्ये असते.

या टाकीत मैल्याचे पूर्ण शुद्धीकरण होते असा समज आहे. तो खरा नाही. टाकी म्हणजे निवळण्याचे आणि कुजण्याचे भांडे. जड भाग तळाशी बसतो, तेलकट भागाची वर साय धरते, आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू गाळाचा काही अंश पचवितात. मधले पाणी बाहेर पडते ते रोगजंतूंना बरोबर घेऊनच. उरलेली शुद्धी शोषखड्ड्याभोवतीची माती करते. म्हणून टाकी उत्तम बांधलेली असूनही सगळी व्यवस्था निकामी असू शकते.

बुटीबोरीकडे काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्ट असा थर पुष्कळ ठिकाणी आढळतो. काळ्या मातीतील चिकण खनिज पाण्याने फुगते आणि माती जवळजवळ पाणी शोषेनाशी होते. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते. मे महिन्यात बादलीमागून बादली पिणारा शोषखड्डा ऑगस्टमध्ये अंगणात उलटतो तो यामुळे. खाली बेसाल्टच्या सांध्यांत याच्या उलट धोका असतो. तेथे पाणी गाळले न जाताच झपाट्याने विहिरीकडे किंवा बोअरकडे निघते. तेव्हा ‘आमचा खड्डा कधी भरतच नाही’ हे विकणाऱ्याचे वाक्य प्रशस्तिपत्र समजू नये.

मातीची परीक्षा विद्यार्थ्यांनाही करता येते, अर्थात शोषखड्ड्यापासून दूर, स्वच्छ जागी. वीतभर रुंदीचा उभा खड्डा खणून तळाशी थोडी बारीक खडी टाका. त्यात पाणी भरून रात्रभर माती भिजू द्या. ही पायरी गाळली तर भेगा आपल्याला फसवितात. दुसऱ्या दिवशी पंधरा सेंटिमीटर पाणी ठेवून पट्टीने उतार मोजा. पातळी २५ मिलिमीटर उतरायला ६० मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर ती माती शोषखड्ड्याच्या कामाची नाही.

शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक २४७० सांगते. आता ३० फूट बाय ५० फुटांचा प्लॉट घ्या. पायथागोरसच्या सिद्धांताने त्याचा कर्ण सुमारे ५८ फूट, म्हणजे १७.८ मीटर येतो. प्लॉटच्या एका कोपऱ्यात विहीर आणि समोरच्या कोपऱ्यात खड्डा घेतला तरी अंतर पुरत नाही! त्यात शेजाऱ्याचा खड्डा आपल्या कुंपणालगत असू शकतो. म्हणून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची जीवाणूंसाठी आणि नायट्रेटसाठी तपासणी करून घ्यावी. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

टाकीचा आकारही मोजावा. दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर खोल पाण्याची टाकी ११२५ लिटरची. पाच माणसे रोज प्रत्येकी १०० लिटर पाणी तिच्यात सोडत असतील तर ते सव्वादोन दिवस मुरते. मागच्या खोल्या कामगारांना भाड्याने दिल्या आणि माणसे दहा झाली, की मुदत अर्ध्यावर येते. निम्मी टाकी गाळाने भरलेली असेल तर तिच्याही अर्ध्यावर. मग निवळणार काय?

हे सारे पाहणारा माणूस विकणाऱ्याचा, दलालाचा किंवा टाकी उपसणाऱ्याचा नसावा. त्यांचा लाभ एका विशिष्ट उत्तरात असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात घर विकताना अशी तपासणी १९९५ पासून सक्तीची आहे. आपल्याकडे ती स्वतः स्थापत्य अभियंत्याला फी देऊन करून घ्यावी लागते. त्याने झाकण उघडवून, वरूनच पांढरे कापड गुंडाळलेली काठी घालून गाळाची जाडी मोजावी. गाळ आणि साय मिळून एक तृतीयांशावर गेली असेल तर उपसा थकला आहे. संडासात रंग सोडून मागचा नालाही पाहावा. तासाभरात तेथे रंग दिसला तर पाणी टाकीत थांबतच नाही. रंग दिसला नाही, एवढ्याने मात्र काही सिद्ध होत नाही.

टाकीत कोणीही डोकावू नये, काडी पेटवू नये आणि कोणालाही आत उतरवू नये. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणेच बंद होते, आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला उतरवून टाकी साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. उपसा गाडीनेच करावा.

शेवटचा उपसा केव्हा झाला, याची पावती मागा. वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी घरोघरच्या टाक्या ठरलेल्या वर्षांनी उपसण्याची पद्धत सुरू केली. एरवी बहुतेक घरांत टाकी तुंबल्यावरच तिची आठवण होते. टाकीचे झाकण फरशीखाली कायमचे बुजविलेले असेल, तर इसार देण्याआधी फरशी फोडून दाखविण्यास सांगा. माती शोषणारी नसेल तर जमिनीवर गाळणी बांधावी लागते आणि गाळलेल्या पाण्याला वाटही काढून द्यावी लागते. तो खर्च अभियंत्याकडून लिहून घ्या आणि सौद्याच्या वेळी किमतीतून वजा मागा.