कुरण तुंबतं कशानं?

अंधेरी-बोरिवलीकडे घोडा पाळणारे मला विचारतात, कुरणात पाणी का तुंबतं? मी म्हणतो, भाताची चिखलणी आठवा. खाचरात पाणी टिकावं म्हणून आपण माती तुडवून तिची छिद्रं बुजवतो. ओल्या कुरणात घोड्याच्या टापा नेमकं तेच करतात! सतत चिखलात उभ्या घोड्याचा खूर मग तळातून सडतो, घोडा लंगडतो.

म्हणून मृगाआधीच वरच्या अंगाला आडवा चर खणा. उतारावरून येणारं पाणी नाल्याकडे वळवा. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसल्या पावसापुढे चर हरेल. एरवी त्याचा आधार मोठा. पावसाळाभर घोडा खडी टाकलेल्या उंचवट्यावर ठेवा, गवत कापून घाला. दबलेली माती मोकळी करायची ती पाऊस सरल्यावर, वाफसा आला की!