कौशल्य की टायर?
मोटोजीपीच्या चाहत्यांचा हा वाद जुनाच. शर्यत सुरू असताना पाऊस आला तर इथे टायर बदलत नाहीत. रायडर पिटमध्ये जाऊन पावसाळी टायर लावलेल्या दुसऱ्या बाइकवर बसतो. ऑगस्ट 2021 मध्ये ऑस्ट्रियातल्या श्पीलबर्गला, शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना, मार्क मार्केझसह आघाडीचे रायडर असेच पिटमध्ये वळले. दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बाइंडर मात्र गुळगुळीत स्लिक टायरवरच राहिला. स्लिकला पाणी बाजूला सारणाऱ्या खाचा नसतात, आणि पावसात टायर थंड पडला की पकड जाते. कार्बनचे ब्रेकही गार होतात. ट्रॅकची हद्द ओलांडल्याबद्दल तीन सेकंदांचा दंड होऊनही तो जिंकला. निर्णय जुगाराचाच होता. पण तो निभावला हातांनी.