पुरुषाच्या अंगातली दवंडी

मार्कंड्याला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. यात्रा म्हटली की ताकदीच्या पुड्या विकणारा एखादा भेटायचाच. पुडीत काय आहे ते तो सांगत नाही. ती घेण्याआधी आपल्या अंगात काय चालते, ते समजून घेऊ या.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. गावात कोतवाल दवंडी देतो ना, तशी ती रक्तातून हुकूम पाठवते. हुकूम पोचला की वृषणे टेस्टोस्टेरॉन नावाचे हार्मोन तयार करतात. दाढी-मिशा, भारी आवाज, कामेच्छा, शुक्रजंतू, सारे त्याच्या जोरावर.

हे हार्मोन कमी पडले की इच्छा मंदावते. पहाटे इंद्रिय ताठ होईनासे होते. दाढी विरळ होते, कधी छाती वाढते. थकवाही येतो. पण थकवा आला म्हणजे हार्मोनच कमी, असे नव्हे हो! आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल आहे, हिवताप आहे. म्हणून हिमोग्लोबिन, सिकलसेल, साखर आधी तपासावी. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी माणूस सुस्त होतो. तेव्हा कागदावर टीएसएचचा आकडा बहुधा वाढलेला दिसतो.

टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यावे. सकाळी ते जास्त असते, मग उतरते. रात्रभर शेत राखून आलात, किंवा अंगात ताप आहे, तर त्या दिवशी देऊ नये. कागदावर आपल्या आकड्याशेजारी नेहमीची मर्यादा छापलेली असते. पुष्कळ ठिकाणी ती ३०० ते १००० च्या आसपास असते. २८० आले म्हणून घाबरायचं नाही. दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा तपासतात. तेव्हाही कमीच आले, तर एलएच पाहतात. एलएच म्हणजे वरून आलेला हुकूम. तो जास्त असेल, तर कोतवाल ओरडतो आहे पण वृषणे ऐकत नाहीत. तोही कमी असेल, तर दवंडीच नीट झालेली नाही. मग वरची ग्रंथी तपासावी लागते.

रोजची दारू वृषणांना मारक आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची गाळली जातेच.

मूल झाले नाही की बाईला बोल लावतात, दुसरी बायको करायला निघतात. आम्हांला हा अन्याय वाटतो. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी सोपी आहे. ती आधी करावी. आणि मूल हवे असेल तर ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेऊ नये. बाहेरून हार्मोन आले की वरची ग्रंथी हुकूम थांबवते, आणि शुक्रजंतू आणखी कमी होतात.