नांगर धरणाऱ्या हाताने लेखणीही धरावी



आपल्या घरात विळा, कोयता, सूप, पाटी या वस्तू अंधारातही हाताला लागतात. पण लिहायला कागद-पेन मागितले की सगळे मुलांच्या दप्तराकडे बोट दाखवतात. लिहिणे हे मास्तरांचे, वकिलांचे किंवा पुण्या-मुंबईकडच्या मंडळींचे काम, असा आपला समज होऊन बसला आहे. म्हसळा तालुक्यातल्या वाड्यांवर विस्ताराच्या कामासाठी फिरताना, "साहेब, तुम्ही लिहा. आमचं कसलं आलंय लिहिणं?" हे वाक्य हटकून ऐकू येते. आज त्याचेच उत्तर द्यायचे आहे. लिहिणाऱ्या शेतकऱ्याला मिळते तरी काय?

पैसा किती मिळतो?

रोकडी गोष्ट आधी सांगून टाकतो. नुसत्या लेखणीवर मराठी माणसाचा संसार क्वचितच चालतो. नियतकालिकांचे मानधन बेताचे असते. काही ठिकाणी तर अंक घरी येतो, तेवढेच मानधन! तेव्हा शेत विकून लेखक होण्याच्या नादी कोणी लागू नये.

पण शेती आणि लेखणी जोडीने चालते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. कादंबरीकार र. वा. दिघे हे बी. ए., एलएल. बी. झालेले गृहस्थ. त्यांनी वकिली सोडली आणि खोपोलीजवळ शेती केली. 'पाणकळा', 'सराई', 'पड रे पाण्या' या त्यांच्या कादंबऱ्यांत शेतकरी, पाऊस आणि रान भरून राहिले आहे. १९८० मध्ये ते वारले. पुस्तके मात्र मागे राहिली. शहरात बसून जे सुचले नसते, ते त्यांना शेताने दिले.

लिहिल्याने नजर तयार होते

दुसरा लाभ थेट शेतीतला आहे. "यंदा भात बरं झालं," असे आपण सहज बोलून जातो. तेच लिहायला बसा म्हणजे प्रश्न उभे राहतात. राब कधी पेरला? लावणीच्या वेळी आवण किती दिवसांचे होते? खत कोणते, किती आणि कधी दिले? कोणत्या खाचरात किती मण उतरले? मजुरी किती गेली? उत्तरे शोधताना आपलेच शेत आपल्याला नव्याने दिसू लागते. अशी दोन-तीन वर्षांची वही हाताशी असली की पुढच्या हंगामात काय सोडावे आणि काय धरावे, हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही. तुमची अडचण घेऊन दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे जायचे असले तरी अशा वहीने निम्मे काम होते.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हाची गोष्ट आठवा. म्हसळा-श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे जातात. त्या दिवसांत ज्या घरात झाडांची संख्या, लागवडीचे साल आणि उत्पन्न वहीत मांडलेले होते, त्यांना पंचनाम्याच्या वेळी आपली बाजू नीट सांगता आली. बाकीचे बोटांवर मोजत राहिले. झाडे पडली, पण वही वाचली, याचाही आधार असतो.

गाऱ्हाणे वेशीबाहेर जाते

तोंडी गाऱ्हाणे गावच्या पारावर विरते. छापलेले गाऱ्हाणे जिल्ह्याच्या गावी पोहोचते. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांचा संप आपल्याला ठाऊक आहेच. खोतीच्या जाचाविरुद्ध कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन कसायचे नाकारले. त्या लढ्याचे पुढारी नारायण नागू पाटील यांना कळून चुकले होते की, आपली बाजू दुसरा कोणी लिहील याची वाट पाहण्यात अर्थ नाही. संप चालू असतानाच, १९३७ मध्ये, त्यांनी 'कृषिवल' हे पत्र सुरू केले. नावातच शेतकरी! उपाशीपोटी लढणाऱ्यांनाही वर्तमानपत्र हवेसे वाटले, यावरून लेखणीची किंमत ओळखावी.

माणसे जोडली जातात

मराठवाड्यातल्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर हे हाडाचे शेतकरी. 'रानातल्या कविता' हा त्यांचा संग्रह १९६७ मध्ये निघाला. पुढे 'जैत रे जैत' (१९७७) या ठाकरांच्या जीवनावरील चित्रपटाची गाणीही त्यांनीच लिहिली. लेखणीने त्यांना १९७८ मध्ये विधान परिषदेत नेले. तिथे ते शेती आणि पाण्याविषयी बोलले. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये ते गेले, पण शेवटपर्यंत त्यांची ओळख रानाशी जोडलेली राहिली.

सगळेच महानोर होणार नाहीत. पण वालाच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून तुम्ही काय करता, हे चार ओळींत छापून आले, तर कुठल्या तरी दूरच्या तालुक्यातून कोणी ना कोणी विचारणा करतोच. ज्याचे तोंडही पाहिले नाही, त्याच्या उपयोगी पडल्याचे समाधान दिवसभराच्या कष्टाचा शीण घालवते. लिहिणाऱ्याची ही खरी कमाई.

न लिहिलेले बुडते

आता सर्वांत महत्त्वाचे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या गाणी रचत. घरातल्या माणसांनी ती टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. घरच्यांनी ती टिपली नसती, तर एवढे धन त्या माउलीबरोबरच गेले असते.

आपल्या गावांत आज हेच घडते आहे. तरुण पोरे मुंबईला, घरात म्हातारी माणसे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे जुने रता भात कसे करायचे, कोणत्या उधाणाला बांध सांभाळायचा, मुडीत बियाणे कसे बांधायचे, वरकस जमिनीवर वरी कधी पेरायची, हे सारे त्यांच्या डोक्यात आहे. लावणीची गाणी आणि ओव्या आजीच्या ओठांवर आहेत. एकेक माणूस जातो आणि ग्रंथालयात कधीच नव्हते असे एकेक पुस्तक त्याच्याबरोबर जाते. विद्यापीठ नवे वाण देईल, पण तुमच्या आजोबांनी तुमच्याच खाचरात काय अनुभवले, ते कोण देणार?

सुरुवात कशी करावी?

१. एका वेळी एकच विषय घ्या. "माझी शेती" असे न लिहिता "मी वालाचे बियाणे कसे राखतो" असे लिहा.

२. घरी बोलता त्याच भाषेत लिहा. पुस्तकी शब्दांच्या मागे लागू नका. राब, आवण, मुडी हे आपलेच शब्द आहेत. ते वापरायला लाजू नका.

३. तारीख, माप आणि खर्च घाला. ऐकीव गोष्ट असेल तर ऐकीव म्हणून सांगा.

४. वडीलधाऱ्यांना लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगावे आणि सुनेने किंवा नातवाने उतरून घ्यावे. सांगणाऱ्याचे नाव मात्र वर द्यावे. मोबाईलवर बोलणे भरून ठेवता येते. नंतर सवडीने लिहून काढावे.

५. नियतकालिकाकडे पाठवताना स्वच्छ अक्षरात लिहा. आपले नाव, गाव, पोस्ट, तालुका आणि जिल्हा द्या. एक प्रत घरी ठेवा. लेख साभार परत आला तर नाउमेद होऊ नका. पहिले बियाणे रुजले नाही म्हणून आपण शेत पडीक टाकत नाही.

लावणी आटोपली की पावसाळ्यातल्या संध्याकाळी थोडी उसंत मिळते. मुलांच्या दप्तरातली एक जुनी वही मागून घ्या. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि पहिला प्रश्न विचारा, "आजी, तुमच्या वेळी आपल्याकडे कोणकोणती भातं पिकत होती?" ती सांगेल तसे लिहीत जा.